सशांच्या घराची फरशी

सदाशिव पेठ,
१२ जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शनी,

पत्र पाहून दचकू नकोस. आई बरी आहे, गुडघा सोडून. मीही बरा आहे. माझा फोन तू उचलत नाहीस आणि आईच्या फोनवरून चोरून बोलणं मला जमत नाही, म्हणून हा जुना मार्ग. इथून हिंजवडीला पत्र पोचायला तीन-चार दिवस लागतील, असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. तुमच्याकडची वाहतूक पाहता माणसालाही साधारण तेवढेच लागत असावेत.

काम आहे म्हणून लिहितो आहे. आपल्या बागेतलं सशांचं घर नव्याने करायचं घाटतं आहे. बागेवर आता श्रद्धा नावाची अधिकारी आली आहे. तिशीचीही नसेल, पण गमबूट घालून स्वतः चिखलात उतरते. तिने एक छोटी समिती नेमली आणि तीत मला घेतलं, कारण बारा वर्षं ती बाग माझ्या ताब्यात होती. निवृत्तीला तीन वर्षं होत आली, एवढ्यात उद्यान खात्याला माझी आठवण झाली ती ही पहिलीच.

सशांना नेमकं काय लागतं, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, गाजर. ती हसली नाही. मग मला आठवलं, डिसेंबर २०२१ मध्ये तो प्रकार झाला आणि तू खात्याकडे तक्रार केलीस, तेव्हा अर्जाला काही छापील पानं जोडली होतीस. ती सशांबद्दलच होती. मी तेव्हा ती फायलीला लावली, वाचली नाहीत. तुझ्याकडे प्रत असेल तर पाठव. त्या प्रकाराबद्दल मात्र मला काही लिहायचं नाही.

जावईबापू वरदला आशीर्वाद सांग.

बापूराव

ता. क. सवयीने ऑफिसातली सही झाली. खाडाखोड नको म्हणून तशीच ठेवतो.


२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियदर्शनी,

पानं मिळाली. पाकिटात पानांखेरीज काही नव्हतं. मी दोनदा झटकून पाहिलं. आई म्हणाली, "पाकीट आहे ते, आंब्याचं झाड नव्हे."

पानं इंग्रजी, म्हणून शब्दकोश घेऊन बसलो आणि चार दिवसांत सगळी वाचली. सहाव्या पानाच्या समासात तुझ्या अक्षरात लिहिलं आहे, 'हे बाबांना दाखवणे'. तू दाखवलंही होतंस. मी पेपर वाचत होतो आणि 'ठेव तिथे' म्हणालो होतो. हे मला आठवत नसतं तर बरं झालं असतं.

परवा बागेत गेलो. दशरथ अजून तिथेच आहे. तोच सशांचं बघतो. मिशा पांढऱ्या झाल्यात, बाकी तसाच. दोघं मिळून जाळीच्या दारातून आत गेलो आणि मी एका बादलीवर बसलो. प्रियदर्शनी, बारा वर्षांत मी त्या घरात कधी बसलो नव्हतो. उभ्याने पाहायचो. फरशी स्वच्छ आहे ना, पाणी भरलंय ना, पाटी सरळ आहे ना. सकाळी फिनेलचा वास आला की मला समाधान वाटायचं. आपल्या सगळ्यांना स्वच्छतेची मोठी हौस, मला जरा जास्तच होती.

अकरा ससे आहेत. लपायला आडोसा नाही. चारही बाजूंनी जाळी, जाळीला चिकटलेली मुलं, मुलांच्या हातात वेफर्सची पाकिटं आणि वर खांबावर भक्तिगीतांचा कर्णा. एक राखाडी ससा कोपऱ्यात जाऊन पुढच्या दोन्ही पायांनी सिमेंट उकरत होता. थांबायचा, हुंगायचा, परत उकरायचा. सिमेंटचं काय होणार? मी दशरथला विचारलं, हा कधीपासून असं करतो.

"रोज करतंय की साहेब," तो म्हणाला. "माती नाय तिथं, पर त्येच्या पायाला ठावं हाय ना."

दहा वर्षांपूर्वी तिथे माती होती. ससे उकरतात, घाण करतात, म्हणून मीच कोबा करून घेतला होता. त्यासाठी मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते पुढच्या खोलीत आहे, तू पाहिलेलं आहेस.

पानांबद्दल आभार.

बाबा


२३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियदर्शनी,

काल समितीची बैठक झाली. पाच माणसं आणि सात मतं, पुण्याच्या मानाने एकवाक्यताच म्हणायची.

श्रद्धाने चांगली योजना मांडली. तीन फूट माती, मातीच्या खाली जाळी, म्हणजे ससे बाहेरही जाणार नाहीत आणि कुत्री आतही येणार नाहीत. आडोशाला मातीच्या नळ्या, नर-माद्या वेगळ्या, गवत भरपूर, कर्णा बंद आणि मुलांसाठी दोन हातांवर कठडा. तुझ्या पानांतलं जवळजवळ सगळं त्यात होतं, कारण मी ती तिला दिली. कुणाची म्हणून सांगितलं नाही.

पण वरच्या कार्यालयातून आलेल्या साहेबांनी दुसरा आराखडा काढला. पांढऱ्या टाइल्स, मध्ये कारंजं, रंगीत दिवे आणि फोटो काढायला सशाच्या कानांची कमान. टाइल्स धुवायला सोप्या. श्रद्धा म्हणाली की कडक जमिनीने सशांचे तळपाय सोलतात. साहेबांनी जुनी फाइल उघडली. "नोंदी तर काही वेगळं सांगतात," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत जमिनीबद्दल एकच तक्रार आहे. कुणी हिंजवडीच्या बाई होत्या. त्यांनी जखमी पायांचा फोटो जोडला होता. चौकशीत तक्रार तथ्यहीन ठरली. खाली बापूरावांचंच निवेदन आहे. बापूराव, सही तुमचीच ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दशरथ दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता, तोही.

मी म्हणालो, "सही माझीच आहे."

तेवढंच बोललो. पुढच्या बैठकीत, १५ मार्चला, टाइल्सचा ठराव होईल. श्रद्धा जाताना मला म्हणाली, "सर, तुमच्या अनुभवाचा आधार वाटला होता." आवाज चढवून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. घरी येऊन जेवलो नाही. आईला पित्ताचं निमित्त सांगितलं.

बाबा


२६ फेब्रुवारी २०२५

प्रियू,

तीन दिवस हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे. आता जसं येईल तसं लिहितो.

२०२१ च्या डिसेंबरात मोठे साहेब बाग पाहायला येणार होते. तुला माहीत आहे, साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे पहिला हुकूम गेरू-चुन्याचा. झाडांचे बुंधे, वाटेचे दगड, कारंज्याची कड, जे हलत नाही ते सगळं रंगवायचं. त्या दिवशी चुना उरला. निवृत्तीला तीन महिने होते आणि मला वाटलं, शेवटची पाहणी, फोटोत पांढरं उठून दिसेल. मी दशरथला म्हणालो, सशांच्या घरातही मार, भिंतींना आणि फरशीलाही.

तो म्हणाला होता, "साहेब, जित्राबं हायेत आत."

मी म्हणालो, "तासाभरात वाळतो चुना. शहाणपणा शिकवू नकोस."

थंडीचे दिवस होते, तो वाळला नाही. साहेब लवकर येतायत असा निरोप आला आणि मी ससे ओल्या फरशीवर सोडायला लावले. साहेब चार मिनिटं थांबले. 'छान ठेवलंय' म्हणाले. रात्रभर ससे त्या चुन्यात होते. तळपाय सोलले. ससा पाय चाटून स्वच्छ करतो, त्यामुळे तोंडंही भाजली. तीन दिवसांत पाच गेले. मी नोंदवहीत लिहिलं, 'थंडीच्या कडाक्याने मृत्यू, पाच'. मी आणि दशरथने ते खताच्या खड्ड्यामागे पुरले.

तू रविवारी नेहमीसारखी पालक घेऊन गेलीस आणि फोटो काढलास. घरी येऊन मला दाखवलास. मी म्हणालो, कसल्या तरी बुरशीने झालं असेल. तू मला आठ दिवस दिलेस, प्रियू. रोज विचारायचीस, बाबा, डॉक्टरांना बोलावलं का? मग तू अर्ज केलास. चौकशीत मी लिहून दिलं, 'सदर छायाचित्र आमच्या उद्यानातील नाही.' फोटोतल्या सशाचा डावा कान फाटलेला होता. त्या सशाला मी रोज पाहत होतो. तू खोटी ठरलीस आणि मला निरोप समारंभात गुच्छ मिळाला.

मी भ्यालो होतो, एवढंच कारण आहे. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही. माझं नाव खराब होईल याची भीती वाटली. त्या नावाचं आता मी करतो काय? सकाळी बाकावर चार म्हातारे 'या बापूराव' म्हणतात, तेवढा त्याचा उपयोग.

हे सगळं तुला माहीतच होतं. पण माझ्याकडून तू ते ऐकलेलं नव्हतंस.

बाबा


१७ मार्च २०२५

प्रियू,

परवा बैठकीत मी लेखी निवेदन दिलं. प्रत सोबत जोडली आहे. अर्ध्या पानाचं आहे. चुन्याचा हुकूम माझा होता, नोंद खोटी होती, फोटो खरा होता आणि तक्रार खरी होती, असं क्रमाने लिहिलं आहे. दशरथने विरोध केला होता, हेही लिहिलं. तो आदल्या दिवशी घरी आला होता. "माझं नाव कशाला घालता साहेब," म्हणाला. मी म्हटलं, तुझं नाव चांगल्या बाजूला घालतोय. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही आणि गेला. त्याला इतकी वर्षं काय वाटलं असेल हे मी कधी विचारलं नव्हतं, अजूनही विचारलेलं नाही.

वरच्या कार्यालयातल्या साहेबांनी निवेदन दोनदा वाचलं. म्हणाले, "बापूराव, हे मागे घेता येईल. मी अजून आवक शिक्का मारलेला नाही." श्रद्धाने उठून स्वतः शिक्का मारला. मग टाइल्सबद्दल कुणाला फारसं बोलवेना. ठराव मातीचा झाला. पाचही ससे एकदम डोळ्यांसमोर आले आणि मला तिथेच रडू आलं. भर बैठकीत, रुमाल न काढता. पुण्यात हे शोभत नाही, पण आलं.

बाकावरच्या चौघांपैकी दोघं कालपासून वाट बदलून जातात. तिसऱ्याने विचारलं, "सशांसाठी एवढं कशाला हो?" मी म्हटलं, "तुम्ही बसा त्या फरशीवर चार दिवस." तोही आज आला नाही. राहिला एक, त्याला ऐकू कमी येतं.

तुझा आईला गुरुवारी फोन आला. माझं मागचं पत्र वाचलं, असं तू म्हणालीस. आणि 'एक गोष्ट राहिली आहे' असंही म्हणालीस, असं आई सांगते. काय राहिलं, असं तिने मला विचारलं. मला कळलं नाही, असं मी तिला सांगितलं.

बाबा


२० एप्रिल २०२५

प्रियू,

बुधवारी, ९ तारखेला, सशांना मातीत सोडलं. कोबा फोडायला चार दिवस लागले. मी पक्का करून घेतला होता ना.

आम्हाला वाटलं होतं, दार उघडल्यावर उड्या मारत जातील. एकही हलला नाही. दाराशी सिमेंटचा एक पट्टा ठेवला आहे, त्याच्यावर अकराही दाटीवाटीने बसून राहिले. बरेचसे इथेच जन्मलेले, त्यांनी माती कधी पाहिलीच नव्हती. मी, श्रद्धा आणि दशरथ पाऊण तास उभे होतो. मग त्या राखाडी सशाने एक पाय खाली ठेवला, उचलला, परत ठेवला. आणि उकरायला लागला. माती मागे उडाली तसा तो स्वतःच दचकून लांब पळाला. परत आला. संध्याकाळपर्यंत त्याने कोपरभर खोल केलं. दशरथ म्हणाला, "आता जरा दम खा की लेका." इतक्या प्रेमाने तो माझ्याशी कधी बोललेला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

आठवड्यात सगळे जमिनीखाली गेले. दुपारी एकही दिसत नाही. अभिप्रायाच्या वहीत नोंदी सुरू झाल्या आहेत. 'सशांच्या घरात ससे नाहीत. प्रशासनाने पाटी तरी काढावी.' त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, 'आहेत. आपल्याला भेटायचं नसेल.' मी रोज चार ते सहा कठड्याशी थांबतो. मुलांना सांगतो, खाली बसा, गप्प राहा, येतील. काही मुलं बसतात. त्यांच्या आया घड्याळ बघतात.

कोब्याने सोललेल्या तळपायांवर औषध चालू आहे. तिघांचे भरून आले. एका मादीचा पाय बरा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती लंगडत का होईना, बिळापर्यंत जाते.

आता दुसरं. माझ्या निवेदनावरून जुनी चौकशी परत उघडली आहे. ६ मेला सकाळी अकरा वाजता सुनावणी आहे. तक्रारदार म्हणून तुलाही पत्र गेलं असेल. तुला रजा मिळेल का, ते माहीत नाही. आलीस तर माझ्याशेजारी बसावं लागेल असं नाही, खुर्च्या पुष्कळ असतात.

बाबा


७ मे २०२५

प्रियू,

काल तू सुनावणीनंतर चहाला थांबली नाहीस, म्हणून जे तिथे बोलता आलं नाही ते लिहितो.

चौकशी अधिकाऱ्यांनी माझं २०२१ चं निवेदन पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतलं. मला वाटत होतं, ते मजकुरापासून सुरू करतील. वरचे रकाने कोण वाचतं? पण हे गृहस्थ सगळं वाचतात. नाव, हुद्दा, सेवेची वर्षं. आणि मग, 'तक्रारदाराशी नाते : काही नाही.'

कबुलीचं एवढं पत्र मी तुला लिहिलं आणि हे एक गाळलं. चौकशीनंतर निवेदनाची प्रत तुला गेली होती; तू आईला म्हणाली होतीस ते हेच, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तू लग्नानंतरच्या नावाने अर्ज केला होतास, माझं नाव त्यात येऊ नये म्हणून. त्यामुळे ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नाही. 'मुलगी' लिहिलं असतं तर तुझी तक्रार कुणी सहज खोटी मानली नसती. मी पेन धरून बराच वेळ बसलो होतो, प्रियू. रकाना छोटा होता, तीन अक्षरं मावली असती. माणूस लेकीला खोटी म्हणतो, ते रागात म्हणाला असं म्हणता येतं. पण हे मी शांतपणे, निळ्या शाईने लिहिलं होतं. चुन्यापेक्षा मला याची लाज जास्त आहे. म्हणून ते पत्रात उतरत नव्हतं.

त्यांनी विचारलं, "यात काही दुरुस्ती?" मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती. म्हणालो, "आहे. त्या माझ्या कन्या आहेत." असं परक्यासारखं का बोललो, कोण जाणे. मग परत म्हणालो, "माझी मुलगी आहे ती."

त्यांनी चष्मा काढला, मला पाहिलं, तुला पाहिलं. आमच्या खात्यातली माणसं, विश्वास ठेवायच्या आधी खात्री करणारी. तुला विचारलं, "तक्रारदाराला हे मान्य आहे?"

तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "नातं मान्य आहे. बाकीचं तपासून घ्या."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि आपण दोघांनी एकाखाली एक सह्या केल्या. घरी येऊन मी आईला ते वाक्य सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला खूप बरं वाटलं, प्रियू. कालपासून मी ते वाक्य घरात फिरता फिरता मोठ्याने म्हणतो आहे. आज मात्र अर्ध्यावर थांबलो. बाकीचं तपासायला तुला किती वर्षं लागतील, याचा विचार मनात आला. जितकी लागतील तितकी घे.

बाबा